आपला निरोप तिसराच कोणी वाचतो आहे काय?

आमच्याकडे संध्याकाळी माणसे येतात ती बहुधा कागद घेऊन. जातीचा दाखला, जात पडताळणी, पोरांचा शिष्यवृत्तीचा अर्ज, निराधार योजनेचे अडकलेले प्रकरण. दिवसभर कचेरीत कागद आणि घरी आल्यावरही कागदच. पण गेल्या दीड-दोन वर्षांत कागदाशिवाय येणारेही वाढले आहेत. ते नुसता मोबाईल पुढे करतात, दाराकडे एकदा बघतात आणि आवाज खाली आणून विचारतात, "दादा, माझं व्हॉट्सअ‍ॅप दुसरं कोण वाचतंय का, बघता का जरा?"

विचारणाऱ्यांत महाबळेश्वरच्या लॉजवर राबणारी पोरे आहेत, स्ट्रॉबेरीच्या रानात तोडणीला जाणाऱ्या बाया आहेत, साताऱ्याला कॉलेजात शिकणाऱ्या मुली आहेत. एक सेवानिवृत्त गृहस्थही आले होते. त्यांची खात्री होती की सरकार त्यांचे रोजचे 'जयभीम, सुप्रभात' वाचते. सरकारला इतका वेळ असता तर आपली निम्मी प्रकरणे निकालात निघाली असती! असो. विषय मात्र थट्टेचा नाही, म्हणून यावेळचा मजकूर त्यालाच देत आहोत.

आपल्या माणसांना खाजगी पत्र ही चीज फार उशिरा मिळाली. सातारा जिल्ह्यातले आपले आजे-पणजे मुंबईला गिरणीत, गोदीत गेले. त्यांची कार्डे गावी यायची. कार्ड उघडेच. पोस्टमन वाचायचा, ज्याच्या ओट्यावर ते ठेवले जायचे तो वाचायचा, आणि ज्या माउलीसाठी ते लिहिलेले असायचे तिला अक्षर येत नसल्यामुळे शेवटी कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवायचा. नवऱ्याने पगाराचे लिहिले की सावकाराला आधी कळायचे. सासरी त्रास आहे हे लिहायला लेकीला दुसऱ्याचा हात लागायचा. पुढे शाळा आली, बाबासाहेबांच्या सांगण्यावरून घराघरात अक्षर आले, निळे आंतरदेशीय पत्र आले आणि ते चिकटवून बंद करता येऊ लागले. आज घराघरात मोबाईल आहे. म्हणून, आपले पत्र पुन्हा कोणी परस्पर फोडत असेल, तर ते कसे ओळखायचे हे आपल्याला कळले पाहिजे.

आधी एक घडलेली हकिगत सांगतो. नावे सांगणार नाही. इथल्या एका लॉजवर आपल्या वस्तीतला तरुण रिसेप्शनला होता. सीझनमध्ये साप्ताहिक सुटी नाही, जादा तासांचा पैसा नाही, म्हणून आठ-दहा कामगारांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप केला आणि मालकाला एकत्र भेटायचे ठरवू लागले. रात्री ग्रुपवर जे बोलणे होई ते सकाळी मॅनेजरच्या तोंडी असे. एकदा झाले, दोनदा झाले. मग पोरांनी आपापसात फितूर शोधायला सुरुवात केली. संशय गेला तो आपल्याच एका भावावर, कारण त्याने मॅनेजरकडून मागे उचल घेतली होती. दोघांचे बोलणे तुटले, घरच्या बायकांचेही तुटले, ग्रुप मोडला आणि मालकाची भेट राहिली ती राहिलीच.

फितूर कोणीच नव्हते. पर्यटकांना बुकिंगच्या पावत्या पाठवायच्या म्हणून त्या तरुणाने स्वतःचा नंबर काउंटरवरच्या संगणकाला जोडला होता. पाळी संपली की तो घरी जायचा, पण त्याचे व्हॉट्सअ‍ॅप काउंटरवर उघडेच राहायचे. मॅनेजरला हेरगिरी करायला कसली अक्कल लागली नाही, फक्त खुर्चीत बसावे लागले. दोन महिन्यांनी मोबाईलमधली ती यादी उघडली तेव्हा हे कळले. त्या भावाची कोणी माफी मागितली की नाही ते आम्हांस ठाऊक नाही.

तर ती यादी कुठे असते ते आता नीट सांगतो, कारण दहातल्या बहुतेक प्रकरणांचे उत्तर आम्हांला तिथेच सापडले आहे. साध्या अँड्रॉइड मोबाईलवर व्हॉट्सअ‍ॅप उघडा. वर उजव्या कोपऱ्यात तीन टिंबे दिसतात, ती दाबा. त्यात 'लिंक केलेली डिव्हाइस' असे असते, इंग्रजी ठेवले असेल तर 'लिंक्ड डिव्हाइसेस'. आयफोनवाल्यांना ते सेटिंग्जमध्ये सापडेल. तिथे तुमच्या खात्याला जोडलेल्या प्रत्येक यंत्राचे नाव आणि ते शेवटचे केव्हा चालू होते ती वेळ दिसते. एका खात्याला मुख्य फोनखेरीज चार यंत्रे जोडता येतात. त्यात दुसरा मोबाईलही चालतो, संगणकच असला पाहिजे असे नाही. तुम्ही कधी संगणकाला हात लावला नसेल आणि तिथे 'विंडोज' किंवा 'गूगल क्रोम' असे लिहिलेले दिसले, तर कोणीतरी तुमचे वाचते आहे. नावावर बोट ठेवले की 'लॉग आउट' येते. ते दाबले की तो दरवाजा बंद. पण थांबा, दाबण्याआधी पुढचा मजकूर वाचा, विशेषतः भगिनींनी.

हे यंत्र जोडायला वाचणाऱ्याला तुमचा उघडा मोबाईल मिनिटभर हातात लागतो. तो चौकोनी ठिपक्यांचा कोड एकदा स्कॅन केला की काम झाले. पोर आंघोळीला गेले, बाई भाकऱ्या थापायला बसली, तेवढ्यात होते. दुसरी रीत म्हणजे फोनवरून गोड बोलून, 'हा आठ अक्षरी कोड तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये टाका' असे सांगणे. तो कोड टाकला की तुम्ही स्वतःच परक्याचे यंत्र आपल्या खात्याला जोडून देता. असा कोड कोणाच्याही सांगण्यावरून टाकू नये. तसाच एसएमएसने आलेला सहा आकडी कोड कोणाला सांगू नये. मुख्य खाते एका वेळी एकाच फोनवर चालते, त्यामुळे कोणी तुमचा नंबर त्याच्या फोनवर चालू केला तर तुमचे व्हॉट्सअ‍ॅप आपोआप बाहेर पडते. विनाकारण बाहेर पडले, तर 'नेटवर्क गेले असेल' म्हणून सोडून देऊ नका. पावसाळ्यात आपल्याकडे नेटवर्क चार-चार तास गायब असते हे खरे, पण नेटवर्क गेल्याने खाते बाहेर पडत नाही.

झेरॉक्सच्या दुकानाचेही सांगून ठेवतो. दाखल्याची किंवा निकालाची प्रत काढायची म्हणून आपण दुकानाच्या संगणकावर व्हॉट्सअ‍ॅप जोडतो, प्रत मिळाली की पैसे देऊन निघतो, आणि खाते तिथेच उघडे राहते. दुकानदार सज्जन असेलही, पण त्याच्यामागे रांगेत उभा असलेला माणूस कोण हे आपल्याला कुठे माहीत असते? काउंटर सोडण्याआधी आपल्याच मोबाईलवरून बाहेर पडावे. अर्ध्या मिनिटाचे काम.

आणखी एक खूण आहे. न उघडलेल्या निरोपांपुढे हिरव्या गोलात आकडा असतो. तुम्ही निरोप उघडला नाही आणि तो आकडा गेला, किंवा समोरचा म्हणाला की 'निळी खूण आली, तू वाचलेस, मग उत्तर का नाही?' तर यादी लगेच तपासा. कोणीतरी तुमच्या आधी ते उघडले आहे.

आता ज्या खुणांना लोक घाबरतात पण ज्यात काही अर्थ नाही त्यांचे बघू. मोबाईल गरम होतो, बॅटरी लवकर उतरते, बोलताना खरखर येते, हे सगळे जुन्या मोबाईलचे दुखणे आहे. त्यावरून हेर बसला आहे असे ठरत नाही. दुसरे, 'तीन टिक आल्या, त्यात एक लाल असली की सरकारने तुमच्यावर कारवाई सुरू केली' हा निरोप. तो वर्षानुवर्षे फिरतो आहे आणि खोटा आहे. लाल टिक अशी काही वस्तूच नाही. एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुलूपबंद जातात. वाटेत कंपनी, मोबाईलवाले किंवा लॉजच्या वायफायचा मालक यांना ते वाचता येत नाहीत. म्हणूनच वाचणारा वाटेवर न बसता टोकावर येऊन बसतो. टोक म्हणजे तुमचा मोबाईल किंवा समोरच्याचा मोबाईल. तिसरे, 'स्टार हॅश एकवीस हॅश' दाबले की टॅपिंग कळते हे खूळ. त्या आकड्यांनी फक्त तुमचे कॉल दुसऱ्या नंबरावर वळवले आहेत काय तेवढे कळायचे. कॉल वळवण्याची ती आकडे दाबून चालणारी सेवा दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून बंद करायला लावली, कारण ठग लोक तिचा गैरवापर करत होते. निरोप वाचण्याशी तिचा संबंध कधीच नव्हता.

लिंकच्या यादीत काही सापडले नाही तरी संशय राहतो, अशी प्रकरणे असतात. मग मोबाईलमध्येच काही बसवले आहे का ते बघायचे. अशी अ‍ॅप विकत मिळतात, आणि बायकोवर, मुलांवर नजर ठेवा म्हणून त्यांच्या जाहिरातीही होतात. ती अ‍ॅप 'सिस्टिम सर्व्हिस' असले सरकारी थाटाचे नाव घेऊन बसतात, आणि पडद्यावर चित्र दिसू देत नाहीत. पण कामासाठी त्यांना परवानग्या लागतात, त्या लपत नाहीत. सेटिंग्जमध्ये 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' बघा, 'नोटिफिकेशन अ‍ॅक्सेस' बघा, 'डिव्हाइस अ‍ॅडमिन' बघा. सापडत नसेल तर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत ही नावे लिहा. तिथे अनोळखी नावाला परवानगी दिलेली असेल तर ते अ‍ॅप कोणते याचा शोध घ्या. मग प्ले स्टोअर उघडून आपल्या चित्रावर बोट ठेवा आणि 'प्ले प्रोटेक्ट'मध्ये तपासणी करा. प्ले प्रोटेक्ट बंद आढळले आणि तुम्ही ते बंद केलेले नसेल, तर ते कोणी बंद केले हा प्रश्न उरतो. मात्र हप्त्यावर घेतलेल्या मोबाईलमध्ये फायनान्स कंपनीचे कुलूप लावणारे अ‍ॅप असते, हप्ता थकला की मोबाईल बंद करायला. त्यालाही मोठी परवानगी असते. ते बघून हबकून जाऊ नका, ज्या दुकानातून घेतला तिथे विचारा.

यापेक्षाही आपल्या घरांत सर्रास आढळणारी गोष्ट वेगळीच आहे. मोबाईल घेताना त्याला जीमेल खाते लागते. आपल्याकडे ते कोण काढून देतो? दुकानातला पोरगा, नाहीतर भाऊ, नाहीतर दीर. पासवर्ड त्यानेच ठेवलेला, आणि बाईला विचारले तर ती म्हणते, "मला काय ठाऊक, यांनी केलंय." त्या खात्यात फोटो जातात, संपर्क जातात, आपण कुठे गेलो तेही जाऊ शकते, आणि व्हॉट्सअ‍ॅपचा साठाही तिथेच जमा होतो. या साठ्याला वेगळे कुलूप लावण्याची सोय २०२१ पासून आहे, पण ते लावावे लागते, आपोआप लागत नाही. म्हणून सेटिंग्जमध्ये गूगल उघडून आधी बघा की खाते कोणाच्या नावाचे आहे. मग 'सुरक्षा' या भागात 'तुमची डिव्हाइस' अशी यादी दिसते, तिच्यात आपल्याकडे नसलेला मोबाईल आहे काय ते बघा. दुसऱ्याच्या नावाचे खाते असेल तर स्वतःचे नवे काढा. आम्ही महिला मंडळाला सुचवले आहे की हळदी-कुंकवाला फाटा दिला तसाच एक रविवार या कामाला द्या. प्रत्येकीने स्वतःच्या हाताने स्वतःचे खाते काढावे आणि पासवर्ड शेजारणीलाही सांगू नये.

आता भगिनींना सांगायचे राहिलेले. यंत्राचे नाव सापडले की रागाने लगेच 'लॉग आउट' दाबावेसे वाटते. पण तुम्ही बाहेर काढलेत हे पलीकडच्या माणसाला त्याच क्षणी कळते. लॉजचा मॅनेजर असेल तर तो फार तर तोंड वाकडे करील. पण घरातच हात उगारणारा माणूस असेल, किंवा एखादा पाठलाग करणारा असेल, तर ते कळल्यावर तो काय करील याचा अंदाज तुम्हांलाच असतो, आम्हांला नाही. अशा वेळी आधी त्या यादीचा फोटो दुसऱ्या मोबाईलने काढून घ्या, तारीख-वेळ लिहून ठेवा, विश्वासाच्या माणसाशी बोला आणि बोलायला आपला मोबाईल वापरू नका. माहेरी किंवा मैत्रिणीकडे पोचल्यावर मग दरवाजा बंद करा. नंतर मोबाईलचा लॉक बदला, कारण जुना आकडा त्याला ठाऊक आहेच. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' म्हणून सहा आकडी पिन ठेवता येतो, तोही ठेवा. जन्मतारीख, १४ एप्रिल किंवा ६ डिसेंबर ठेवू नका. आपल्या वस्तीत ते आकडे कोणीही पहिल्या झटक्यात ओळखील!

काहींना वाटेल, निरोप वाचला तर काय बिघडते, आपण काय चोऱ्या करतो? या प्रश्नाचे उत्तर नगर जिल्ह्यात जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याने २८ एप्रिल २०१४ रोजी दिले आहे. नितीन आगे हा सतरा वर्षांचा आपला मुलगा. सवर्ण मुलीशी बोलतो या संशयावरून त्याला मारून टाकले. २०१७ साली खटल्यातले आरोपी सुटले. त्या काळी हातात असे मोबाईल सगळ्यांच्या नव्हते. आज मुले-मुली बोलतात ती मोबाईलवर, आणि ते बोलणे कोणाच्या हाती पडते यावर जीव अवलंबून असू शकतो. आपल्या पोरांना हे भीती घालण्यासाठी नव्हे, सावध करण्यासाठी सांगितले पाहिजे.

सरकारी नजरेचा प्रश्नही खोटा नाही, फक्त तो सुप्रभातच्या निरोपांचा नाही. आपल्या चळवळीवर नजर नवी नाही. महाराष्ट्र शासनाने १९८२ साली बाबासाहेबांच्या चळवळीच्या साधनांचा इंग्रजी खंड काढला, त्यात ब्रिटिश काळातल्या पोलिसांच्या गुप्त अहवालांतले उतारे आहेत. सभेला कोण होते, कोण काय बोलले, सगळे टिपलेले. आज त्या टिपणांतूनच आपल्याला आपला इतिहास मिळतो, ही गंमतच म्हणायची. तेव्हाचा पोलीस निदान सभेत बसलेला दिसायचा तरी.

२०१९ साली न दिसणारा प्रकार उघड झाला. इस्रायलच्या एनएसओ या कंपनीचे पेगासस नावाचे हेर सॉफ्टवेअर व्हॉट्सअ‍ॅपच्या कॉलमधून मोबाईलमध्ये शिरले. कॉल उचलण्याचीही गरज नव्हती. जगभरातले सुमारे १४०० मोबाईल त्या वर्षी एप्रिल-मे महिन्यांत लक्ष्य झाले, आणि ज्यांना तसे कळवण्यात आले त्यांत नागपूरचे वकील निहालसिंग राठोड आणि लेखक-प्राध्यापक आनंद तेलतुंबडे होते. तेलतुंबडे १४ एप्रिल २०२० रोजी, ऐन जयंतीदिवशी, भीमा-कोरेगाव प्रकरणात तपास यंत्रणेपुढे हजर झाले, मुंबई उच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०२२ रोजी जामीन दिला, आणि २६ नोव्हेंबरला, संविधान दिनी, ते तुरुंगाबाहेर आले. एनएसओ म्हणते की ती आपला माल फक्त सरकारांना विकते. आपल्या सरकारने पेगासस घेतले की नाही हे सर्वोच्च न्यायालयातही स्पष्टपणे सांगितले नाही. न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये समिती नेमली. तिने २९ मोबाईल तपासले. त्यांतल्या ५ मध्ये काहीतरी घातक सापडले, पण ते पेगाससच होते असा पुरावा मिळाला नाही, आणि सरकारने सहकार्य केले नाही, असे ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयात सांगण्यात आले. अमेरिकेत मात्र व्हॉट्सअ‍ॅपने लावलेला दावा एनएसओ २०२५ साली हरली.

असले हत्यार आपल्या मोबाईलमध्ये आहे की नाही हे तुम्ही-आम्ही ओळखू शकत नाही, त्याला प्रयोगशाळा लागते. ते महागडे असते आणि निवडक माणसांवर वापरले जाते. जे कार्यकर्ते, वकील किंवा पत्रकार आहेत त्यांनी मोबाईलचे अपडेट आले की त्याच दिवशी घ्यावेत, रोज एकदा मोबाईल बंद करून चालू करावा आणि नाजूक बोलणे समोरासमोर करावे. कंपनीकडून इशाऱ्याचा निरोप आला तर तो पुसू नये. बाकीच्यांनी पेगाससची काळजी करत बसून लिंकची यादी तपासायची विसरू नये.

कायदा कोणाच्या बाजूने आहे? १९९६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने फोन टॅपिंगच्या खटल्यात सांगितले की फोनवरचे बोलणे हा खाजगीपणाचा भाग आहे, आणि ते ऐकायचे तर वरिष्ठ पातळीवरचा लेखी आदेश हवा. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्या निकालपत्रात बाबासाहेबांच्या १९४७ सालच्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या मसुद्याचा उल्लेख येतो. माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांची अवाजवी झडती होऊ नये, असे कलम बाबासाहेबांनी त्यात घातले होते. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत काझी सय्यद करीमुद्दीन यांनी तशीच दुरुस्ती मांडली तेव्हा बाबासाहेब ती स्वीकारायला तयार होते. सभागृहात गोंधळ झाला, मतदान पुढे गेले आणि शेवटी ती नामंजूर झाली. बाबासाहेबांना जे मान्य होते ते मिळायला आपल्याला जवळजवळ सत्तर वर्षे थांबावे लागले.

हा हक्क सरकारविरुद्ध झाला. शेजाऱ्या-पाजाऱ्याविरुद्ध आणि घरातल्या माणसाविरुद्ध काय? भारतीय न्याय संहितेचे कलम ७८ पाठलागाबद्दल आहे. एखादी स्त्री इंटरनेट, ईमेल किंवा इतर इलेक्ट्रॉनिक साधने कशी वापरते यावर पाळत ठेवणे, हेही त्या गुन्ह्यात मोडते. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद. शब्द 'कोणताही पुरुष' असे आहेत, नवरा वगळून असे कुठे लिहिलेले नाही. परिस्थिती पाहता वागणे वाजवी होते असा बचाव मात्र आरोपीला घेता येतो. पुरुषाचे निरोप चोरून वाचले गेले असतील तर माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमे ४३ आणि ६६ आहेत. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रातून माहिती काढणे त्यांत येते. एक निकाल मात्र ध्यानात ठेवा. १४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की नवरा-बायकोने एकमेकांचे चोरून रेकॉर्ड केलेले बोलणे घटस्फोटाच्या खटल्यात पुरावा म्हणून येऊ शकते. म्हणजे चोरून मिळवले म्हणून कोर्ट ते बाजूला टाकील अशा भरवशावर राहू नका. आम्हांला हा निकाल पटत नाही. ज्या घरात मोबाईल पुरुषाच्या नावावर आणि पासवर्ड पुरुषाच्या खिशात, तिथे पुरावा गोळा करण्याची सोय कोणाला जास्त, हे सांगायला नको.

एका बापाने आम्हांला सरळ विचारले, "मग पोरीचा मोबाईल मी बघायचाच नाही का? दिवस वाईट आहेत." आम्ही म्हणालो, पोर दहा-बारा वर्षांची असेल तर जरूर बघा, पण तिला सांगून, तिच्यासमोर बसून बघा. अठरा वर्षांची झाली की तो तिचा कागद. चोरून बघाल तर ती दुसरे सिम घेईल, मैत्रिणीच्या मोबाईलवरून बोलेल, आणि खरोखर कोणी त्रास दिला त्या दिवशी तुमच्याकडे येणार नाही. त्याला ते पूर्ण पटले असे दिसले नाही. चहा पिऊन गेला. भावांबद्दल तर आम्ही जास्तच स्पष्ट बोलतो. बहिणीचा मोबाईल तपासणारा भाऊ स्वतःचा मोबाईल बहिणीच्या हाती देईल काय?

तक्रार करायची तर पुरावा पुसण्याआधी करा. यादीचा फोटो, तारखा, कोणते बोलणे कोणाला कळले आणि कोण हजर होते, एवढे एका कागदावर लिहा. मोबाईल फॉरमॅट करून घेऊ नका. दुकानदार पहिला सल्ला तोच देतो, आणि पुरावा त्यातच जातो. तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात देता येते. प्रकार साताऱ्यात घडला आणि तुम्ही महाबळेश्वरला असाल तरी हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही. गुन्हा नोंदवून तो पुढे पाठवणे त्यांचे काम. केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवरही नोंदवता येते. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा, जीवाला धोका असेल तर ११२. अर्जाची पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून हलू नका. अर्ज लिहिता येत नसेल तर संध्याकाळी कचेरी सुटल्यावर आमच्याकडे या, आणि येताना मोबाईल चार्ज करून आणा.